बिल्ल्याचा नंबर विसरायला शिका : आजारी मेंढ्यांचा संशोधन-कळप कसा सांभाळायचा

मी माण तालुक्यातली, धनगराची पोर. दिवाळी झाली की आमचं बिऱ्हाड घोड्यावर लादून कोकणात उतरायचं आणि पावसाआधी परत घाट चढायचं. दीडशे मेंढरांतलं कुठलं आज बिघडलंय, हे माझा आज्जा पाठमोरं बघून सांगायचा. पुढं मी शिरवळला पशुवैद्यकी शिकले. गेली नऊ वर्षं न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, कँटरबरीच्या माळावर, एका निराळ्याच कळपाची देखभाल करते आहे. या कळपातली काही कोकरं पोटातूनच मेंदूचा एक आजार घेऊन येतात. माणसाच्या लेकरांना होतो तोच आजार.

पशुवैद्यकीची पोरं-पोरी मला विचारतात, तिथं नक्की काय करता, आम्हाला यायचं तर काय शिकून यावं. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते. यातलं बरंचसं कागदावरच्या कार्यपद्धतीत सापडत नाही.

आधी आजार समजून घ्या. बॅटन रोग म्हणतात त्याला. फ्रेडरिक बॅटन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९०३ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. खरं तर हा एक आजार नाही, दहा-बारा आजारांचं कुटुंब आहे. प्रत्येकाचा जीन वेगळा : सीएलएन-१, सीएलएन-२, सीएलएन-३ असे. गत मात्र सारखीच. पेशीत टाकाऊ माल मोडायची जी जागा असते, लायसोसोम, तिथं कचरा साठत जातो आणि मेंदूच्या पेशी मरत जातात. पोर दोन-चार वर्षांचं होईस्तोवर धावतं, बोलतं, भांडतं. मग अडखळायला लागतं, फिट येतात, नजर जाते, शिकलेलं एकेक विसरतं. बहुतेक प्रकारांत ते मोठं होत नाही.

मेंढरांचा संबंध इथं कसा आला? न्यूझीलंडमध्ये साउथ हॅम्पशायर जातीच्या मेंढ्यांत आंधळं होऊन मरणारी कोकरं दिसली. मॅसी विद्यापीठाच्या रॉबर्ट जॉली यांनी १९७६ साली सहकाऱ्यासोबत त्यांचं वर्णन छापलं. तो कळप मुद्दाम राखला गेला आणि त्याचं मोठं फळ मिळालं. पेशीत साठणारा माल चरबीचा असावा असं तोवर धरून चाललेलं होतं. डेव्हिड पामर आणि त्यांच्या साथीदारांनी मेंढ्यांच्या अवयवांतून तो वेगळा काढून तपासला, तेव्हा त्यातला मोठा भाग एका प्रथिनाचा निघाला. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी सिन्थेजचा हा एक छोटा तुकडा, ‘सबयुनिट सी’. १९८९ ची गोष्ट. त्यावर शिक्कामोर्तब करणाऱ्या पुढच्या कामात केंब्रिजचे जॉन वॉकर होते. पुढं १९९७ मध्ये त्यांना एटीपी सिन्थेजवरच्याच कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलांच्या बॅटनच्या बऱ्याच प्रकारांत तेच प्रथिन साठतं हे नंतर दिसलं. म्हणजे आधी मेंढीत सापडलं आणि मग माणसात. साउथ हॅम्पशायरचा दोष सीएलएन-६ या जीनचा निघाला. पुढं बॉर्डरडेल जातीत सीएलएन-५ चा दोष सापडला. तिथं जीनच्या एकाच ठिकाणी ‘जी’ च्या जागी ‘ए’ हे अक्षर पडलंय. तेवढ्यानं जोडणीत एक अख्खा तुकडा गळतो आणि प्रथिन पुरं तयार होत नाही. हे दोन्ही कळप क्राइस्टचर्चजवळच्या लिंकन विद्यापीठात अभ्यासले गेले.

निसर्गात सापडला नाही तर दोष घडवताही येतो. एडिनबरोच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये जीन-कात्री चालवून सीएलएन-१ ची कोकरं जन्माला घातली. २०१९ मध्ये ते काम छापून आलं.

आता, मेंढीच का? पहिल्याच दिवशी तुमच्या आईपासून ते नीतिसमितीपर्यंत सगळे हाच प्रश्न विचारणार, तेव्हा उत्तर पाठ करून ठेवा. उंदराचा मेंदू अर्ध्या ग्रॅमचाही नसतो आणि वरून गुळगुळीत. मेंढीचा सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा, अक्रोडासारखा घड्यांचा, माणसाच्या वळणाचा. औषध मेंदूच्या पोकळीत सोडलं तर ते त्या घड्यांपर्यंत पोचतं का, केवढं लागतं, हे उंदरात कळायचं नाही. शिवाय आमची बाधित मेंढी जन्मतः ठणठणीत असते. दहा-बारा महिन्यांची झाली की लक्षणं दिसायला लागतात आणि दोन वर्षांच्या आत खेळ संपतो. मधला काळ लांब असल्यानं तीच मेंढी पुन्हा पुन्हा तपासता येते. पण तुमचा प्रश्न पेशीपुरता असेल, उंदरावर किंवा काचेच्या बशीत सुटणारा असेल, तर मेंढी वापरू नका. मी हे मीटिंगमध्येही म्हणते, आणि ते दरवेळी कुणाला आवडतंच असं नाही.

परवानगीशिवाय काहीच करायचं नाही. इथं १९९९ चा प्राणी कल्याण कायदा आणि त्याखालची नीतिसमिती आहे. भारतात १९६० च्या कायद्याखालची समिती आहे. अर्जात एक रकाना सगळ्यात आधी भरा : मेंढीला कोणत्या अवस्थेला पोचल्यावर थांबवायचं. हे शांत डोक्यानं, कोकरू जन्मायच्या आधी ठरलेलं असावं. नंतर जीव गुंतलेला असतो आणि माणूस ‘अजून आठवडाभर बघू’ म्हणत राहतो.

मग मेंढ्या भरवायच्या. हा आजार प्रच्छन्न आहे : आई-बाप दोघांकडून बिघडलेला जीन आला तरच लागतो. एकाकडूनच आला तर जनावर वाहक, धडधाकट. वाहक मेंढा आणि वाहक मेंढी घेतली तर चारात एक कोकरू बाधित निघेल. तेवढ्यासाठी फार मेंढ्या पोसाव्या लागतात. म्हणून बाधित मेंढा वापरायचा. तो सात-आठ महिन्यांत वयात येतो, म्हणजे आजार दिसायच्या आधीच कामाला येतो. बाधित मेंढा आणि वाहक मेंढी घेतली की निम्मी बाधित, निम्मी वाहक. तुलनेसाठी ते वाहकच निरोगी गट म्हणून धरतात. तसं केलंत तर लेखात स्पष्ट लिहा, लपवू नका.

मेंढ्याच्या छातीला रंगाच्या वडीचा पट्टा बांधा. मेंढीवर चढला की तिच्या पाठीवर रंग उतरतो, म्हणजे कुठली कधी लागली ते कळतं. दर सतरा दिवसांनी वडीचा रंग बदला, फिक्यावरून गडदाकडे जा. मार्च-एप्रिलात मेंढा सोडला की ऑगस्ट-सप्टेंबरात, इथल्या वसंतात, कोकरं पडतात.

हे गणित मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा हात जरा थबकला होता. आमच्याकडं मामाची मुलगी करणं हा हक्क मानतात. माझ्या घरातही तीन पिढ्या तसंच झालंय. कळपात जे आम्ही जाणूनबुजून जमवतो, ते घरात कुणी जाणूनबुजून करत नाही, पण जीनला हेतू कळत नाही. असो.

कोकरू पडलं की पहिलं काम चीक. ते पोटात गेल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी कानाला बिल्ला मारताना जो टिकलीएवढा तुकडा निघतो तो नळीत घ्या आणि जीनच्या तपासणीला पाठवा. रक्त का नको? जुळ्यांची रक्तं पोटातच कधी कधी एकमेकांत मिसळतात. क्वचित होतं, पण झालं तर एकाच्या रक्तात दुसऱ्याचा जीन दिसतो. कानाच्या कातडीत ती भानगड कमी. मेंढरांची अशी जीन-तपासणी आपल्याकडं नवी नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं जुळी देणारा जीन बंगालच्या गारोळ मेंढीतून दख्खनीत आणला, त्यात हीच रीत होती. फलटण आमच्या गावापासून काही लांब नाही. लहानपणी आम्हाला त्याचा पत्ता नव्हता, ते वेगळं.

आता मुद्द्यावर येते, कारण इथंच मी माती खाल्ली होती.

तपासणीचा निकाल येतो तेव्हा तो कुणी बघायचा? कळप बघणाऱ्या माणसानं अजिबात बघायचा नाही. निकाल एकाच माणसाकडं जावा, त्यानं कुलपात ठेवावा. त्यालाही रोज गोठ्यात फिरकू देऊ नका. पहिल्या वर्षी आम्ही एवढं नीट पाळलं. पण पक्के बिल्ले मारायचं काम माझ्याकडं होतं, आणि मला मिळालेली यादी निकालाच्या क्रमानं लावलेली होती : आधी बाधित, मग वाहक. माझ्या ते लक्षातच आलं नाही. एक ते चौदा नंबर सगळे बाधित झाले. जानेवारीपर्यंत कुणाला काही कळलं नाही. मग एक पोरगा सहज म्हणाला, ‘लहान नंबरवाली जरा सुस्त वाटतात नाही का?’ ती सुस्त नव्हती. चार महिन्यांची होती, त्या वयात काही दिसत नाही. पण कुठून तरी सुगावा लागला होता आणि डोळ्यांना जे बघायचं ते दिसायला लागलं होतं. त्या हंगामाच्या वर्तनाच्या सगळ्या नोंदींवर लाल खूण करावी लागली. चूक माझी होती.

तेव्हापासूनचा नियम : नंबर चिठ्ठ्या टाकून द्यायचे, बिल्ले सगळ्यांचे एकाच रंगाचे, आणि उपचाराचे व बिनउपचाराचे कप्पे वेगळे करायचे नाहीत. सगळी एकत्र चरतील. शस्त्रक्रियेनं डोक्यावरची लोकर भादरली जाते, त्यामुळं ज्यांना औषध द्यायचं नाही त्यांचीही तेवढीच भादरा. अगदी हे सुद्धा.

धनगराच्या पोरीला हे फार जड जातं. मला मेंढी ओळखू येते. चालीवरून, कानाच्या ठेवणीवरून, वाड्यातून बाहेर पडताना कितवी निघते त्यावरून. मेंढ्याही कमी नसतात. केंब्रिजजवळच्या बाब्राहम संस्थेत कीथ केंड्रिक यांनी दाखवलं की मेंढी पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षं लक्षात ठेवते. २००१ साली ते छापून आलं. मग तुमचा चेहरा ती विसरेल होय? म्हणून तपासणीला रोज तोच माणूस, तोच पोशाख, तीच वेळ. आणि मेंढीला कधी एकटी ठेवू नका. एकटी पडलेली मेंढी घाबरते आणि घाबरलेल्या मेंढीची कुठलीही मोजणी खोटी. स्कॅनच्या खोलीबाहेरसुद्धा एक सोबतीण उभी असते आमची.

आता तपासायचं काय. लिंकनच्या लोकांनी मुलांच्या बॅटनच्या गुणतक्त्यावरून मेंढीसाठी गुणतक्ता बेतला. चाल, उभं राहणं, नजर, भान असे रकाने, प्रत्येकाला गुण. महिन्यातून एकदा भरा, जास्त नको. यातली दोन-तीन कामं हातानं शिकावी लागतात.

नजर बघताना तळहात डोळ्याकडं झटकन नेतात, मेंढीनं पापणी मिटावी म्हणून. नवखा माणूस जोरात हात नेतो, वारा लागतो आणि आंधळी मेंढीही मिटते. बोटं फाकवून न्या. दुसरा डोळा झाका. आधी बसलेल्या मेंढीवर पन्नासदा सराव करा. कोकरांना हे जन्मतः येत नाही, काही आठवड्यांनी शिकतात. तेव्हा लहान कोकरू मिटत नाही म्हणून घाबरून जाऊ नका.

चक्रव्यूह म्हणजे वाड्यात फळ्यांचे दोन-तीन अडथळे, आणि पलीकडच्या टोकाला तिच्या सोबतिणी. सोडल्यापासून पोचेपर्यंतचा वेळ घ्यायचा. अन्नाचं आमिष नको, सोबतीचं पुरतं. नजर जायला लागलेली मेंढी आधी थबकते, मग भिंतीला खेटून जाते, मग फळीवर आदळते. तेव्हा तुमचं तोंड आपोआप उघडतं. पहिल्या वर्षी मी एकीला ‘हुर्रर्र’ केलं, आज्जा करायचा तसं. ती आवाजाच्या रोखानं आली आणि मोजणी वाया गेली. आता मी आत उभी राहतच नाही. कॅमेरा असतो. गुण दुसरं कुणी तरी देतं, कानातले बिल्ले झाकलेल्या चित्रफितीवरून.

कवटीचा सीटी स्कॅन हा या सगळ्यात भरवशाचा साक्षीदार. निरोगी मेंढीच्या कवटीतली मेंदूची जागा वयाबरोबर वाढते आणि मग स्थिर राहते. बाधित मेंढीत ती वाढायची थांबते आणि मग कमी होत जाते, कारण मेंदू आक्रसतो तसं कवटीचं हाड आत भरत येतं. रेघ खाली वळली की वादच नाही. भुलीच्या आधी चोवीस तास वैरण बंद. रवंथ करणारं जनावर आहे, पोट भरलेलं असलं की फुगतं आणि घशात येतं. श्वासनलिकेत नळी घालून तिचा फुगा भरा, पोटावर बसतं ठेवा, तोंड खाली उतरतं ठेवा म्हणजे लाळ बाहेर पडेल. पाठीवर पाडून जास्त वेळ ठेवू नका. माणसांच्या दवाखान्याचं मशीन रात्री भाड्यानं मिळत असेल तर तिथल्या तंत्रज्ञाला हे आधी सांगा. त्याला पाठीवरचा रुग्णच माहीत असतो.

नोंदी जितक्या महत्त्वाच्या तितकीच ही शंकाही : दिसतंय ते बॅटनच कशावरून? मेंढीला अडखळायला शंभर कारणं असतात आणि ती कुणी शोधनिबंधात लिहीत नाही.

आमच्या भागात उन्हाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारी ते एप्रिल, रायगवताच्या बुडाशी एक बुरशी जोर धरते. तिच्यात लोलिट्रेम-बी नावाचं विष असतं. चरणारी मेंढरं उभी असताना ठीक दिसतात. कुत्रं मागं लागलं, पळाली, की थरथरतात, पाय ताठरतात, धाडकन पडतात. पाच मिनिटं निपचित, मग उठून चरायला लागतात. सप्टेंबरातलं कोकरू तेव्हा सहा महिन्यांचं असतं. नवख्याला वाटतं, सुरू झालं, लवकर सुरू झालं! मीही एका वर्षी तीन नंबर लिहून वरिष्ठांना फोन केला होता. त्यांनी एकच विचारलं, ‘कुठल्या कुरणात आहेत?’ कळप हलवला, दोन-तीन आठवड्यांत तिन्ही सुधारल्या. तेव्हा पहिला धडा : कळप बिघडला की आधी गवत बघा. बॅटनची मेंढी जागा बदलून बरी होत नाही.

बी-१ जीवनसत्त्व कमी पडलं तर मेंढी एकाएकी आंधळी होते, डोकं भिंतीला टेकते, मान आभाळाकडं करते. हे तासा-दिवसांत येतं. बॅटन महिन्यांनी येतो. शंका आली तर आधी बी-१ टोचा, मग विचार करत बसा. मुरघास नीट दाबला नसेल तर त्यातून लिस्टेरिया होतो. तेव्हा मेंढी एकाच बाजूला गोल फिरते, अर्धा चेहरा लोंबतो. तांबं कमी पडलेल्या आईची कोकरं मागच्या पायांनी झोकांड्या देतात, पण ती पहिल्या काही महिन्यांतच. आणि डोळे आलेले असले तर नजरेची परीक्षा पुढं ढकला. हे सगळं वगळल्याशिवाय लक्षणाच्या रकान्यात तारीख घालायची नाही.

खरं येतं ते फार हळू येतं. कुत्र्यानं कळप वळवला की सगळ्या एका दमात वळतात, आणि एखादी एक क्षण मागं राहते. मान जरा खाली. पाण्याच्या हौदाशी पोचते पण पाणी कुठं आहे ते नाकानं शोधते. पुढं ती कळपातून सुटून कुंपणाला लागून चालत राहते. आज्जानं ते पहिल्याच दिवशी टिपलं असतं. पण मेंदूतली आग त्याच्याही किती आधीची असते! मेंदूच्या मज्जापेशी मरायच्या आधी तिथल्या आधारपेशी भडकलेल्या असतात. सीएलएन-६ च्या मेंढ्यांत तर कोकरू पोटात असतानाच ते दिसलं. आधी फटका बसतो तो डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथं नजर उलगडते तिथं. तोल सांभाळणारा लहान मेंदू बराच काळ बचावलेला राहतो.

म्हणून औषध कधी द्यायचं हा प्रश्न सगळ्यात मोठा. सीएलएन-५ चं प्रथिन एका पेशीतून बाहेर पडून शेजारणीला मिळू शकतं. थोड्या पेशी दुरुस्त झाल्या तरी आजूबाजूच्यांना उपयोग होतो. निरुपद्रवी केलेल्या एएव्ही-९ या विषाणूच्या पोटात चांगला जीन भरून तो मेंदूच्या पोकळीत सोडतात. लिंकनच्या गटानं २०१८ मध्ये छापलं की लक्षणांच्या आधी दिलेल्या मेंढ्या चालत्या-फिरत्या राहिल्या आणि स्कॅनवर मेंदूही टिकला. नजर मात्र पूर्ण वाचली नाही. मग त्यांनी तोच उपाय थेट डोळ्यात, एकाच डोळ्यात दिला. दुसरा डोळा तुलनेला तसाच ठेवला. औषध दिलेल्या डोळ्याचं दृष्टिपटल टिकलं. मला ही रचना फार आवडते : तीच मेंढी, तेच गवत, तेच वय, फरक एका डोळ्याचा. सीएलएन-५ च्या मुलांवरची जीन-उपचाराची चाचणी अमेरिकेत २०२२ मध्ये सुरू झाली ती या मेंढ्यांच्या पाठीवर उभं राहून. सीएलएन-२ च्या मुलांना २०१७ पासून मिळणाऱ्या औषधाची वाट मात्र डॅक्सहुंड कुत्र्यांनी दाखवली होती. श्रेय ज्याचं त्याला.

सुई टोचणाऱ्या सर्जनला तुम्ही काही शिकवू नका, पण तीन गोष्टी तुमच्या हातात असतात. कुपी बर्फातून किती वाजता काढली, ती वेळ लिहा. सुई काढल्यावर मागून द्रव परत आला का, किती, ते लिहा. आणि मेंढी उठून सोबतिणींत कधी गेली, ती वेळ लिहा. पुढं एखादीला औषध लागलं नाही असं वाटलं, तर उत्तर बहुधा याच तीन ओळींत असतं.

गेल्या वर्षी एका आजारी मुलाची आई कळप बघायला आली होती. कुंपणाशी उभी राहून तिनं विचारलं, ‘यातल्या आजारी कुठल्या?’ मला माहीत नव्हतं, आणि तसं सांगितलं. तिला वाटलं मी टाळतेय. मग बिल्ले, कुलूप, चिठ्ठ्या, सगळं समजावलं. ती बराच वेळ मेंढ्या बघत राहिली. तिच्या मुलाच्या बाबतीत आधी कुणाला दिसलं, असं मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं : शाळेतल्या बाईंना. घरच्यांना रोज बघून दिसलं नव्हतं.

शेवटाबद्दल थोडं. ठरवलेली अवस्था आली की त्याच दिवशी. मेंढी तिच्या ओळखीच्या वाड्यात असावी, सोबतीण जवळ, तुम्ही जवळ. खोलीत गर्दी करू नका. नंतरचं काम घड्याळावर चालतं. मेंदू काढून आधी वजन, मग मधून दोन भाग : एक फॉर्मॅलिनमध्ये, एक गोठवायला. कुठला कुठं हे आधीच लिहून भिंतीला लावलेलं असावं, त्या वेळी आठवत नाही. आमच्याकडं उजवा फॉर्मॅलिनमध्ये. कापाखाली साठलेला माल विशिष्ट प्रकाशात आपोआप पिवळसर चमकतो. पहिल्यांदा बघाल तेव्हा सुंदर वाटेल आणि लगेच कसंतरी वाटेल. तसंच वाटतं सगळ्यांना.

आणि एक पाकीट. यादी उघडायच्या आधी, प्रत्येक नंबरापुढं तुम्हाला काय वाटतं ते लिहा : निरोगी, बाधित, का बाधित पण औषध मिळालेली. पाकीट बंद करून कुलूपवाल्याकडं द्या. तुमचे अंदाज नुसत्या योगायोगापेक्षा फार जास्त बरोबर आले आणि ते लक्षणांवरून नसतील, तर कुठून तरी बातमी फुटली असं समजा आणि नोंदींवर तसं लिहा. मी हे दरवर्षी करते. आज्जाचा डोळा आहे म्हणून थोडा माजही असतो मला. मागच्या खेपेला ३१ नंबरापुढं मी ठामपणे ‘निरोगी’ लिहिलं होतं, खाली रेघसुद्धा ओढली होती. वाड्यातून पहिली बाहेर पडणारी ती. यादी उघडली : बाधित, तिसऱ्या महिन्यात औषध. असं चुकलं तर खाडाखोड करायची नाही. पाकीट आहे तसं फायलीला लावायचं.